आमच्या बिल्डिंगचं मुकं क्रिकेट

आधीच सांगून टाकते, नियम मी केलेला. सोसायटीने नाही, कमिटीने नाही, आणि बोर्डावर तर तो कधीच लागला नाही. एका दुपारी हातात उलथनं घेऊन मी तशीच खाली उतरले आणि कंपाउंडमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना म्हणाले, "खेळा, हवं तेवढं खेळा, पण तोंडातून आवाज काढलात तर याद राखा." एवढाच नियम. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगला पाण्याच्या वेळेचा नियम आहे, गच्चीच्या किल्लीचा आहे, गाड्या कुठे लावायच्या त्याचा आहे, आणि हे सगळे नियम लोक रोज सकाळी दात घासल्यासारखे मोडतात. माझा मात्र कुणी मोडला नाही. शेवटी तो मोडावा म्हणून मलाच धावाधाव करावी लागली, ती गोष्ट सांगायची आहे.

त्याचं असं झालं. आमचे हे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. पाळ्या बदलत्या असायच्या, पण ह्यांनी रात्रपाळी मागून घेतलेली. ह्यांचं म्हणणं, रात्री कारखान्यात ऊन नसतं आणि साहेब नसतात, आणखी काय पाहिजे माणसाला! सकाळी घरी यायचे, आंघोळ करायचे, दोन घास खायचे आणि झोपायचे ते थेट दिवेलागणीपर्यंत. निदान तसं ठरलेलं. आमचं घर पहिल्या मजल्यावर, झोपायच्या खोलीची खिडकी कंपाउंडच्या बाजूला, आणि पोरांचे स्टंप म्हणजे बरोब्बर त्या खिडकीखालच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या तीन रेघा. आता बोला.

एका सकाळी हे आले आणि हसत हसत सांगायला लागले, "काल गंमतच झाली, टाकीजवळ उभ्या उभ्या डोळा लागला माझा. शेजारच्याने कॉलर धरून मागे ओढलं मला." मला काही हसू आलं नाही. त्या टाकीत काय उकळत असतं ते मला माहीत होतं. ह्यांच्या प्लांटमध्ये भिंतीभर पाट्या होत्या, हे करू नये, ते करू नये, आणि हेच मला सांगायचे की प्रत्येक पाटीमागे कुणाचा तरी भाजलेला हात आहे. म्हटलं, आपल्या घरावर अशी पाटी लागायची वाट कशाला बघायची? त्याच दुपारी उलथनं घेऊन खाली गेले.

दरडावून झाल्यावर मी त्यांना कारणही सांगितलं. काका रात्रभर उकळत्या टाक्यांजवळ जागे असतात, दिवसा झोप झाली नाही तर तिथे डुलकी लागेल आणि मग ते घरी येणार नाहीत, असं अगदी सरळ सांगितलं.  पोरांतल्या एकाने, तिसरीत असेल तेव्हा, बॅट पायाला टेकवून विचारलं, "पण काकू, मग आऊट कसं मागायचं?" मी म्हटलं, "हात वर करा. देवाने हात दिलेत ना?"

मला वाटलेलं, चार दिवस पाळतील आणि मग ये रे माझ्या मागल्या. कुठलं काय! पोरांनी त्या नियमाची शेतीच केली. कॅच पकडला की बॉल डोक्यावर धरायचा. रनआऊट मागायचा तर दोन्ही हात वर करून जागच्या जागी उड्या मारायच्या, त्याही चपला काढून. रन काढायची की नाही ते मनगट फिरवून सांगायचं. टाळ्या वाजवायच्या तर हात हवेत नुसते हलवायचे. जो ओरडेल तो आऊट, आणि फिल्डिंगवाला ओरडला तर समोरच्यांना पाच रन फुकट. भांडण झालंच तर मागच्या बाजूला पाण्याच्या पंपाजवळ जाऊन भांडायचं, कारण पंप चालू असला की कुणाला काही ऐकू येत नाही. आता पंप रोज दुपारी चालू नसायचा. मग भांडण पंप चालू होईपर्यंत तहकूब. तोवर निम्मी भांडणं विसरून जायची आणि उरलेल्यांत कोण कुणाच्या बाजूने होतं तेच आठवायचं नाही. आमच्या जनरल बॉडीची मीटिंग पंपाजवळ घ्या, असं मी कितीदा सुचवलं, पण माझं ऐकतो कोण.

मी घरी शिकवण्या घ्यायचे. तिथेही तोच कायदा. माझ्याकडची पोरं पाढे कुजबुजत म्हणायची. शाळेतल्या बाईंनी एकीच्या आईला बोलावून विचारलं म्हणे, मुलीला घशाचा काही त्रास आहे का? एकदा सुट्टीत माझा भाचा ठाण्याहून आलेला. पहिल्याच बॉलला "सिक्स!" म्हणून असा बोंबलला की सगळी पोरं त्याच्याकडे बघतच राहिली. त्याला शिक्षा म्हणून दोन दिवस नुसता बॉल आणायला ठेवला. तिसऱ्या दिवशी तोही मनगट फिरवायला लागला. अनंत चतुर्दशी आणि जयंतीची मिरवणूक, वर्षाचे हे दोन दिवस मात्र नियमाला सुट्टी. त्या दिवशी हे मुद्दाम सकाळची पाळी मागून घ्यायचे, आणि पोरं वर्षभराचं ओरडून घ्यायची.

ह्यांना यातलं मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "खेळू दे गं पोरांना, मी काय, कापूस घालीन कानात." हे असे आहेत. स्वतःसाठी कुणाला बाजूला सरकायला सांगणार नाहीत, बसायला जागा नसली तर उभे राहतील आणि वर म्हणतील, उभंच बरं वाटतं.

तर अशी वर्षं गेली. पहिल्या पोरांना मिशा फुटल्या, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. ज्याने मला आऊट कसं मागायचं विचारलेलं, तो आता शाळेची व्हॅन चालवतो आणि कानाजवळ पांढरा झालाय. त्याची मुलगी आमच्या बिल्डिंगच्या टीमची कप्तान. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, स्टंपमागे उभी राहते तेव्हा बघत राहावं. आणि मी नियम केला तेव्हा जन्मालाही न आलेली चिल्लीपिल्ली खाली हात वर करून उड्या मारतात, चपला काढून.

मग हे रिटायर झाले.

लोक म्हणतात, रिटायर झालेला नवरा दिवसभर घरात म्हणजे बाईच्या डोक्याला ताप. मला ताप चालला असता. हे तर काहीच करेनात. इतकी वर्षं दिवसा झोपलेला माणूस, त्याला दिवस म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. पेपर वाचायचे, गॅलरीत बसायचे, रस्त्याकडे बघायचे. खाली जायला नको, बाजारात यायला नको. म्हटलं, "अहो, जरा कट्ट्यावर जाऊन बसा, तुमच्या वयाची माणसं असतात." तर म्हणाले, "मला कोण ओळखतं तिथे? मी ह्या बिल्डिंगमध्ये राहिलो कुठे, नुसता झोपलो." ते चुकीचं होतं असंही म्हणता येईना. जिन्यात समोरून कुणी आलं तर हे बाजूला होऊन भिंतीला चिकटायचे, एखाद्या पाहुण्यासारखे. तीच गोष्ट मला खायची. मला हा माणूस परत हवा होता, हसणारा, उगाच वाद घालणारा. पण दिवसेंदिवस तो खुर्चीत लहान लहान होत चाललेला.

त्यात एक दिवस म्हणाले, "आपल्याकडची पोरं अशी कशी गं? मुकी जमात नुसती. क्रिकेट खेळतायत की मयताला आलीयेत? काही दम नाही ह्यांच्यात."

आता काय सांगू कपाळ! खरं सांगितलं तर हा माणूस ओशाळणार. माझ्या झोपेपायी अख्ख्या बिल्डिंगच्या पोरांची तोंडं बंद, हे कळलं असतं तर गॅलरीतून उठून आत कपाटात जाऊन बसले असते. म्हणून मी ठरवलं, आपला नियम आहे, आपणच मोडू. पोरं ओरडायला लागली की घर जरा जागं होईल, ह्यांनाही बरं वाटेल, आणि कारण कधी कळायचंच नाही.

गेले खाली. ह्या वेळी उलथनं नव्हतं. म्हटलं, "पोरांनो, काका आता रिटायर झालेत. दुपारी झोपत नाहीत. नियम रद्द. ओरडा खुशाल."

कुणी ओरडेना. एकमेकांची तोंडं बघायला लागली. मग कप्तानने सगळ्यांना पंपाजवळ नेलं. बराच वेळ काहीतरी चर्चा झाली. परत येऊन मला म्हणते, "काकू, आमचं ठरलंय. नियम राहू दे."

"म्हणजे? मी केलाय तो नियम!"

"हो, पण आता तो तुमचा नाही राहिला ना. आमचा गेमच तसा आहे. ओरडलं तर मग तो काय, कोणाचाही गेम होईल."

माझ्या नाकाला ह्या मिरच्या झोंबल्या! माझाच नियम आणि मलाच शहाणपण! मी म्हटलं, अगं, तुझ्या बापाला पाढे मी शिकवलेत. ती म्हणाली, "माहितीये. हळू आवाजात." सगळी हसायला लागली, अर्थात आवाज न करता, नुसते खांदे हलवत. तणतणत वर आले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय. नियम करायला एक उलथनं पुरलं, आणि मोडायला गेले तर कोणी मला विचारेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शीळफाट्याच्या बाजूला एका टर्फवर सोसायट्यांच्या मॅचेस ठरल्या. चारही बाजूंनी जाळी, खाली हिरवं प्लास्टिकचं गवत, आणि आठ-आठ जणांच्या टीम. अट अशी की प्रत्येक टीममध्ये दोन तरी बायका पाहिजेत आणि साठीच्या पुढचा एक तरी माणूस. बायका आमच्याकडे मिळाल्या. साठीचं अवघड झालं. एकांचे गुडघे गेलेले, एक मुलाकडे परदेशात, आणि तिसऱ्यांची तयारी होती पण कप्तान तेच होणार म्हणून अडून बसले.

कप्तान आमच्याकडे आली. ह्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "काका, तुम्ही चला."

"मी? अगं, मला कोण ओळखतं?"

"काका, तुम्हाला कोण ओळखत नाही?"

ह्यांना वाटलं, पोरगी गोड बोलतेय, काम आहे म्हणून. "मी आयुष्यात क्रिकेट खेळलेलो नाही," म्हणाले. ती म्हणाली, कोपऱ्यात उभं राहायचंय फक्त, बॉल येणार नाही. हे माझ्याकडे बघायला लागले. मी चटकन मान फिरवून कुकरकडे बघायला लागले, कारण माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. शेवटी म्हणाले, "बरं, येतो. तुमचं अडतंय म्हणून."

तो आठवडा काय मजेत गेला! स्वयंपाकघरात मी बटाटे फेकायचे आणि हे झेलायचे. झेलायचे म्हणजे सोडायचे. बटाट्यांना ठेचा लागायच्या, मग ते टिकायचे नाहीत, मग रोज बटाट्याची भाजी. चौथ्या दिवशी एक बटाटा ह्यांनी एका हातात पकडला आणि स्वतःच इतके दचकले की चहाचा कप सांडला. मी पोट धरून हसले. "हसतेस काय," म्हणाले, "आणखी फेक." कितीतरी महिन्यांनी ह्यांच्या तोंडून "आणखी" हा शब्द ऐकला.

मॅचच्या दिवशी सगळी टीम कप्तानच्या बाबाच्या शाळेच्या व्हॅनमध्ये कोंबून निघाली. तोही टीममध्ये. मी लिंबू-सरबताची बाटली आणि खडीसाखर घेऊन सोबत. मला जाळीच्या बाहेर बसवलं.

पहिल्या दोन मॅच आमच्या पोरांनी खिशात घातल्या. समोरच्यांचं "येस, नो, थांब, अरे पळ ना" चालू, त्या गोंधळात त्यांचे दोघे एकाच टोकाला जाऊन उभे राहिले. आमच्या पोरांनी मनगट फिरवलं की रन पुरी. ह्यांच्याकडे एकदा बॉल आला, तो ह्यांनी नडगीने अडवला. सगळ्या टीमने हवेत हात हलवले. हे गोंधळून मला विचारतात, "टाळ्या का नाही वाजवत गं?" मी म्हटलं, नवीन पद्धत असेल.

फायनल कल्याणच्या एका मोठ्या टॉवरवाल्यांशी. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, पाठीवर नंबर. त्यांची बॅटिंग, शेवटची ओव्हर, जिंकायला थोड्याच रन हव्या. दुसऱ्या बॉलला बॅटची कड लागली, टक् आवाज मला बाहेर ऐकू आला, आणि मागे कप्तानने कॅच घेतला. तिने बॉल डोक्यावर धरला. आमच्या आठांपैकी सात जणांचे हात वर. आठवे म्हणजे आमचे हे, ते चष्मा सारखा करत होते.

अंपायर म्हणजे टोपीवाला, काटकुळा, नियमाचा पक्का माणूस. तो आमच्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे. बॅट्समन जागचा हलला नाही. शेवटी अंपायरने चला म्हणून खूण केली, आमच्या पोराने बिचाऱ्याने पुढचा बॉल टाकलासुद्धा, आणि मग कप्तान त्याच्याजवळ गेली.

"सर, तो आऊट होता ना?"

"होता की."

"मग दिला का नाही?"

"विचारलं कुणी? अपील केल्याशिवाय आऊट देता येत नाही, आणि पुढचा बॉल पडला की मागचं अपील चालत नाही. क्रिकेटचा नियम आहे, माझ्या घरचा नाही."

"सर, हात वर केलेले ना आम्ही!"

"हात वर केलेत, मला वाटलं आळस देताय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाळीला नाक लावून म्हटलं, "अहो, दिसत नाही का तुम्हाला? सात माणसं एकदम आळस देतील का?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही टीममध्ये आहात का?" बसले परत जागेवर.

तेवढ्यात हे कोपऱ्यातून धावत आले. खरंच धावत. "अरे, ओरडत का नाही तुम्ही? वाचा बसलीय का सगळ्यांची? सकाळपासून बघतोय मी!"

 कप्तानने माझ्याकडे बघितलं. मी जाळीतून मान हलवली, नको, नको सांगूस.  इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट, आणि कळायची ती इथे, अनोळखी माणसांसमोर! आता हा माणूस व्हॅनमध्ये जाऊन बसेल आणि पुन्हा म्हणून खाली उतरायचा नाही.

पण ती पोरगी. तिला खोटं बोलता येत नाही आणि मोठ्याने बोलता येत नाही. हळूच म्हणाली, "काका, तुम्ही झोपायचात ना. म्हणून आपल्याकडे ओरडत नाहीत."

"कधीपासून?"

तिने बापाकडे बोट दाखवलं. तो मान खाली घालून म्हणाला, "काका, मी तिसरीत होतो तेव्हापासून. काकूंनी सांगितलेलं, तुम्हाला डुलकी लागली तर तुम्ही घरी येणार नाही. मग आम्ही लहान पोरांना तेच सांगितलं, त्यांनी त्यांच्यानंतरच्यांना."

ह्यांनी एकेकाकडे बघितलं. सगळ्यांकडे. मला वाटलं, आता पाठ फिरवतात. अंपायर म्हणाला, "काका, टाइमपास नको, खेळा चला."

"थांबा हो दोन मिनिटं," हे म्हणाले, "इथे माझ्या घरचा विषय चाललाय."

मला रडू फुटलं. पदर तोंडाला लावून मी जाळीपाशी उभी राहिले. ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. म्हणाले, "तुम्हाला सवय नाही ना ओरडायची? असू दे. आता अपील मी करतो. तुम्ही फक्त हात वर करा."

आणि केलं की! पुढच्या बॉलला बॅट आणि बॉलमध्ये हातभर अंतर, पण हे कोपऱ्यातून असे गरजले की शेजारच्या टर्फवरचा खेळ थांबला. मी विसरूनच गेलेले. कारखान्यात मशीनच्या शेजारी उभं राहून बोलायचं तर माणसाला गळा काढावाच लागतो. मला घरातला तो झोपाळलेला आवाजच ठाऊक. पुढचा बॉल वाइड, तरी "हाऊझॅट!" त्यापुढच्याला चौकार गेला, तरी "हाऊझॅट!" अंपायर म्हणाला, "काका, हा चौकार आहे." हे म्हणाले, "असेल, विचारायला काय जातंय?" समोरचा बॅट्समनसुद्धा हसून हसून खाली बसला. आमची पोरं लाल झालेली, हात वर, खांदे गदागदा हलतायत.

मग उरला एक बॉल आणि त्यांना जिंकायला हव्या तीन रन, दोन झाल्या तरी बरोबरी.

बॅट्समनने मारला तो नेमका ह्यांच्या कोपऱ्यात. येणार नाही म्हणालेली ना ती! ह्यांनी बॉल अडवला, कसा ते विचारू नका, पोटाने अडवला असावा, आणि उचलून फेकला. पहिली रन झालेली, दुसरीसाठी ते पळत होते. बॉल एक टप्पा घेऊन कप्तानच्या हातात आला आणि तिने स्टंप पाडले. पळणारा थोडा बाहेर होता. मला दिसलं, सगळ्यांना दिसलं. आमच्या सगळ्यांचे हात वर गेले आणि सगळी माना वळवून ह्यांच्याकडे बघायला लागली.

ह्यांनी तोंड उघडलं. आवाज नाही. तीन बॉलांत गळा पार बसलेला, आणि डोळे भरून आलेले ते वेगळंच. पुन्हा जोर लावला, नुसती हवा. हाताने गळ्याकडे दाखवायला लागले. अंपायर वाट बघून बघून उरलेला स्टंप उपटायला वाकला, तो उपटला की मॅच संपली आणि दुसरी रन धरून बरोबरी होणार. मी बाहेरून जीव तोडून ओरडले, "अहो, आऊट आहे, आऊट!" त्याने वळूनही बघितलं नाही. मी टीममध्ये नव्हते.

आणि मग कप्तान ओरडली. आधी चिरकल्यासारखा काहीतरी आवाज आला, तिचा तिलाच ओळखीचा नसावा. पाठोपाठ तिचा बाप. मग बॉल टाकणारा पोरगा, मग सगळी. एकत्र नाही, सुरात नाही, कुणाचा कुणाला मेळ नाही, नुसतं "हाऊझॅट, हाऊझॅट!" ऊर फुटेपर्यंत. आमच्या बिल्डिंगची पोरं ओरडली की कशी वाटतात, ते मी त्या दिवशी नीट ऐकलं. मिरवणुकीच्या गोंगाटात कधी कळलंच नव्हतं.

अंपायर सरळ झाला, टोपी मागे सारली आणि बोट वर केलं.

एका रनने जिंकलो. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आरडाओरडा झाला, आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्यांनी आपापल्या तोंडावर हात ठेवले. सवयच ती! घाबरून ह्यांच्याकडे बघायला लागली. आणि आमचे हे, ज्यांच्या गळ्यातून शब्द फुटत नव्हता, दोन्ही हातांनी खुणा करत होते, आणखी, आणखी, ओरडा.

येताना व्हॅनमध्ये कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. शीळफाट्याच्या सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं, आत काय मारामारी चाललीय का म्हणून. मी ह्यांना खडीसाखर दिली. ती गालात धरून हे खिडकीशी बसलेले, कप्तानने जिंकलेला कप ह्यांच्या मांडीवर ठेवलेला. मला धाकधूक होतीच. इतकी वर्षं लपवलं म्हणून चिडतील, की आता घरी जाऊन गप्प होतील? मी म्हटलं, "रागावलात का हो?"

ह्यांनी मान हलवली. मग माझ्या कानाजवळ तोंड आणलं, आणि त्या बसलेल्या गळ्याने जेमतेम म्हणाले, "अगं, इतकी वर्षं मला आपलं वाटायचं, माझी झोपच गाढ आहे."